सावलीच्या कडेला पाणी

रविवार, ११ मार्च १९७३. सकाळी सात. हजर: घरमालकीण आक्का, त्यांचे धाकटे दीर, आमच्या शाळेचे विज्ञानाचे सर, मी, आणि लिंबोणीची एकेचाळीस झाडं.

झाडांची हजेरी सरांच्या आग्रहावरून लागली. मी चार माणसं लिहून वही मिटली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, ज्यांच्यासाठी जमलोय त्यांनाच वगळलंत." म्हणून पुन्हा वही उघडली आणि झाडं मोजली. वही अजून माझ्याकडे आहे. किराणा, पगारपत्रक, वर्गाच्या खिडक्यांच्या फुटलेल्या काचा, सगळं मी लिहून ठेवते. लिहिलं की गोष्ट जागेवर बसते, असा माझा अनुभव आहे. सर मात्र कुठल्याच वहीत नीट बसले नाहीत, म्हणून आज त्यांच्याविषयी सलग लिहून बघते आहे.

गाव पारनेरपासून सात-आठ मैलांवर, कोरडवाहू. मी शाळेत गणित शिकवते. आक्कांच्या घरातली पुढची खोली माझ्याकडे आहे. आक्का विधवा, मूलबाळ नाही. घरामागे दीड एकर वाडी, वाडीत विहीर, आणि नवऱ्यानं लावलेल्या या लिंबोण्या. सर शाळेमागच्या खोलीत एकटे राहायचे. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं वाळके, खांद्यावर पंचा. झाडात पाणी कसं शिरतं आणि वर कसं जातं, हा त्यांचा एकच विषय होता. बेडकाचं हृदय शिकवायला घेतलं तरी घंटा होईपर्यंत ते मुळाशी येऊन पोचलेले असायचे.

'झाड पाणी पितं' असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "तुम्ही पिता. बैल पितो. झाड पीत नाही, झाडातून पाणी जातं." एखाद्या मुलानं उत्तरपत्रिकेत 'पिते' लिहिलं, की तास संपेपर्यंत त्यानं अंगणातल्या कडुनिंबासमोर उभं राहायचं आणि निंब पिताना दिसला तर येऊन सांगायचं. एकदा एका मुलीनं खरंच येऊन सांगितलं, "सर, पीत न्हाई, पन तहानल्यागत दिसतंय." सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. का दिले, हे मला आजवर कळलेलं नाही.

कुठल्याही झाडाखाली जाताना ते सावलीच्या कडेला थांबायचे, उंबरा ओलांडावा तसा पाय उंच उचलायचे आणि थेट बुंध्याला जाऊन टेकायचे. कामाची मुळं कडेला असतात, त्यांच्यावर भार नको, असं त्यांचं म्हणणं. गावातल्या पोरी त्यांची नक्कल करायच्या. मीही एकदा नकळत तसा पाय उचलला आणि आजूबाजूला बघितलं.

विज्ञानाच्या वर्गाच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेशेजारी वेळ लिहिलेली. सर पंचा खुंटीला टांगायचे, खालचं टोक बादलीत सोडायचे आणि ओल कुठवर चढली ते भिंतीवर टिपून ठेवायचे. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते खुर्चीत बसून विचार करत राहिले आणि लेंग्याचा पाय बादलीत गेला. घंटा झाल्यावर उठले तेव्हा गुडघ्याच्या वर ओलं. मी म्हटलं, "सर, लेंगा!" ते खाली बघून म्हणाले, "पंच्यापेक्षा वर गेलं की. वीण घट्ट आहे, म्हणून." आणि तसेच आठवीच्या वर्गावर गेले.

शाई तर शाळेत टिकायचीच नाही. तेरड्याची फांदी, गुलछडीची दांडी, जे मिळेल ते दौतीत. गॅदरिंगच्या पाहुण्यांसाठी मी पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ स्वतः बांधून स्टाफरूममध्ये ठेवला होता. तो द्यायच्या वेळी अर्धा निळा निघाला. पाहुणे म्हणाले, "वा, ही कुठली जात?" मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. सर मात्र पुढे होऊन पाहुण्यांना एकेक पाकळी दाखवत होते, "या शिरा बघा. इथून गेलं."

माझी खरी अडचण निराळी होती. मला त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं होतं आणि ते समजत नव्हतं. सोमवारी विचारलं तर म्हणाले, पानांतून पाणी उडून जातं, त्यामुळे वर ओढ लागते, ओढ लागली की खालून येतं. मी लिहून घेतलं. गुरुवारी म्हणाले, पहाटे गवताच्या टोकावर जे थेंब दिसतात ते सगळेच दव नसतात, काही मुळांनी खालून ढकललेलं पाणी असतं. मी म्हटलं, "म्हणजे ओढलं जातं की ढकललं जातं? एक काय ते सांगा." ते म्हणाले, "दोन्ही. दिवसा ते, रात्री हे. बहुतेक." हे 'बहुतेक' मी वहीत कुठल्या रकान्यात घालायचं?

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. माघात गावात टँकर सुरू झाला. त्याच दिवसांत सरांनी खताच्या गोणीतली आतली प्लास्टिकची पिशवी धुऊन अंगणातल्या कडुनिंबाच्या एका फांदीला पानांसकट बांधली. दुपारपर्यंत पिशवीच्या कोपऱ्यात पाणी जमलं. मुलं घरी जाऊन काय बोलली कोण जाणे, दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी दहा-बारा बाया कळशा घेऊन उभ्या.

"सर, ह्या झाडातनं किती कळशा निघत्याल?"

"कळशा नाही हो. चमचे. चार-पाच चमचे."

"पन पानी हाय न्हवं?"

"आहे."

"कुठनं आलं?"

"जमिनीतून."

"आन जमिनीत पानी न्हाई म्हनून सरकार टँकर धाडतंय. मंग ह्या झाडाला कुनी दावलं?"

बाया हसल्या. सर हसले नाहीत. फाटकाला धरून म्हणाले, "मातीच्या कणाकणाला थोडं चिकटलेलं असतं. आपल्याला ते काढता येत नाही. झाडाला येतं."

"म्हंजी झाड आमच्यापरीस हुशार म्हना की."

"हो," सर म्हणाले, "त्यात शंकाच नाही."

बाया टँकरकडे निघून गेल्या. सर संध्याकाळपर्यंत तो प्रश्न मला पुन्हा पुन्हा सांगत होते. असा प्रश्न तीस वर्षांत एकाही मुलानं विचारला नाही, म्हणाले.

आता त्या रविवाराकडे येते.

आक्कांच्या विहिरीचं इंजिन केव्हाच हवा ओढायला लागलं होतं. पोहऱ्यानं शेंदून दिवसाला वीसेक घागरी निघायच्या. आक्का एका दिवसाआड प्रत्येक झाडाच्या बुडाशी घागरभर पाणी घालायच्या आणि दुपारपर्यंत माती पुन्हा पांढरी पडायची. पानं वळायला लागली होती. दिरांनी म्हणूनच बोलणं काढलं होतं.

"वयनी, माझं आइका. निम्मी तोडू. ऱ्हायलेल्यांना तरी पुरतं पानी मिळंल. एकवीस जगली तरी लई झालं."

माणूस वाईट नव्हता. सांगत होता ते माझ्या गणितातही बसत होतं.

"कुठली निम्मी?" आक्का म्हणाल्या. "भावजी, तुमीच बोट दावा."

दिरांनी हात उचलला, दोन झाडांकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"ही झाडं गेली का मी बी गेले," आक्का मला म्हणाल्या. "भावाच्या दारात. तिथं भावजय ताट वाढती, पन वाढताना बघती."

सर एवढा वेळ एका झाडाच्या सावलीची कड पावलांनी मोजत होते. ते तिथूनच बोलले.

"आक्का, पाणी कुठे घालता?"

"बुडाशी. आनि कुठं?"

"बुडाशी जाड मुळं. जाड मूळ म्हणजे नुसता नळ. पाणी घेणारी मुळं केसासारखी बारीक, ती टोकाला असतात. इथं. सावली संपते इथं आळं करा. आणि पानं काढा."

"पानं?"

"निम्मी तरी. पानं कमी, ओढ कमी. उघड्या पडलेल्या खोडांना चुना लावा, म्हणजे ऊन भाजणार नाही. एकही झाड तोडावं लागणार नाही."

"पानं काढली तर उन्हाळी लिंबं कुठनं यायची?"

"यंदा येणार नाहीत."

दीर मोठ्यानं हसले. "म्हंजी झाड नागडं करायचं, आन पानी दुसऱ्याच्या दारात वतायचं! वा, सर!"

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमी हिशोबी. तुमी सांगा. मी करते."

मी व्यवहारी बाई आहे. कुणाचंही सगळं ऐकायचं नाही, थोडं थोडं करून बघायचं, ही माझी रीत. म्हटलं, तीन गट करू. पहिल्या चौदा झाडांना सरांचं सगळं: पानं काढायची, चुना द्यायचा, पाणी कडेला. पुढच्या चौदांची पानं तशीच, फक्त पाणी कडेला. उरलेल्या तेरांना आजवर होतं तसंच. पाणी सगळ्यांना सारखं. काय होतं ते दिसेल.

सर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच बघितलं. "झाडं म्हणजे वर्ग नाही, बाई, तुकड्या पाडायला. तेरा झाडं जाणूनबुजून मारायची?"

"आणि तुमचं चुकलं तर? एकेचाळीस मारायची?"

"वरची ओढ कमी केली की खालची तूट भागते. यात चुकण्यासारखं काय आहे?"

"मग मुळं ढकलतात म्हणाला होतात, ते?"

सरांनी पंच्यानं मान पुसली.  "तेही खरं आहे," म्हणाले.

त्या 'तेही'नं निकाल लागला. आक्का म्हणाल्या, "बाईंचं करू."

सरांनी एकच अट घातली. गट ओळीनं पाडायचे नाहीत. विहिरीजवळच्या ओळीला आधीपासून ओल जास्त, तसं केलं तर खरं-खोटं कळणार नाही. म्हणून चिठ्ठ्या केल्या. माझ्या डब्यात एक ते एकेचाळीस आकडे. आक्का झाडाझाडाशी जाऊन चिठ्ठी उचलायच्या, मी गेरूनं खोडावर आकडा घालायची. एक ते चौदा पहिला गट, पंधरा ते अठ्ठावीस दुसरा, पुढचा तिसरा. आकडे वाडीभर विखुरले. वहीत मी आकडे लिहिले, गट लिहिले. कुठलं झाड कुठे उभं आहे याचा नकाशा काढला नाही. खोडावर आकडा असताना नकाशा कशाला?

पाडव्याला मी नगरला भावाकडे गेले आणि तापानं तिथेच पडले. त्याच पंधरवड्यात सरांना परीक्षेच्या कामासाठी तालुक्याला पाठवलं होतं. मी परत आले त्या दुपारी सामान ओटीवर ठेवून आधी वाडीत गेले. एकेचाळीसच्या एकेचाळीस खोडं पांढरीशुभ्र.

आक्का मागून आल्या. खूश होत्या.

"पाडव्याला भितींना चुना काढला. उरला थोडा. म्हनलं, चौदा झाडं पांढरी आन बाकीची तशीच, सनाचं बरं दिसंना. आन बाई, चुना जर औषिद हाय, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

मी एका खोडाचा चुना नखानं खरवडला. खालून गुलाबी फराटा निघाला. आकडा नाही.

"पानं काढलेली तरी ओळखता येतील," मी म्हटलं. पण तोवर उन्हानं बाकीच्यांचीही पानं गळाली होती.

"काही काही झाडांची मीच काढली," आक्का हळूच म्हणाल्या. "सरांची झाडं जरा बरी दिसाया लागली, मंग ह्यांची बी काढली. आन सरांच्यातल्या काहींनी मान टाकली, त्यांना बुडाशी एकेक तांब्या घातला. एकाला वाढायचं आन एकाला न्हाई, मला जमंना, बाई."

"कुठल्या झाडांना, आक्का?"

"आता कसं ध्यानात ऱ्हाईल? ज्यानं मान टाकली त्याला."

दोन दिवसांनी सर आले. वाडीत शिरताना सावलीच नव्हती, तरी त्यांनी अंदाजानं पाय उचलला. सगळ्या झाडांमधून एक फेरी मारली. मला विचारलं, "बाई, नकाशा?"

"नाही."

"हं," म्हणाले. मग आक्कांकडे वळून, "चुना एकसारखा लागलाय हं. छान."

श्रावणात आम्ही पुन्हा जमलो. हजर तेच चौघं. सर एकेका झाडाशी जाऊन साल नखानं टोकरायचे. आत हिरवं असलं तर जिवंत, तपकिरी असलं तर गेलं. मी रेघा ओढत होते. तेवीस जिवंत, अठरा गेली.

"मी एकवीस म्हनलो हुतो," दीर म्हणाले. "दोनच जास्ती निघाली. येवढ्यासाठी पानं खुडली व्हय?"

आक्कांना तेवीस पुरे होती. पुढच्या वर्षी लिंबं लागली, वाडी चालली, त्या भावाच्या दारात गेल्या नाहीत. कोणी विचारलं तर त्या सांगतात, चुन्यानं वाचली. आता गावात बोरीपासून बाभळीपर्यंत सगळ्यांना पाडव्याला चुना लागतो.

पण त्या दिवशी सर वहीवर वाकून मला विचारत राहिले. "तेविसांतली माझी किती? नुसता अंदाज सांगा." मी सांगू शकले नाही. मग त्यांनीच तोड काढली. मेलेल्या झाडांची मुळं खणायची. पाणी कडेला मिळालं असेल तर बारीक मुळांचं जाळं कडेला असेल, बुडाशी मिळालं असेल तर बुडाशी. यावरून मेलेली कुणाची ते कळेल, आणि वजाबाकीनं जगलेली.

पहिलं खोड खणलं. माती भिजवून, खुरप्यानं, लहान मुलाच्या केसांतला गुंता सोडवावा तसं. जाळं कडेला. म्हणजे सरांच्या पद्धतीनं पाणी घातलेलं झाड, आणि मेलेलं. सर खुरपं घेऊन दुसऱ्या खोडाशी गेले. दुसऱ्याचं जाळं बुडाशी. तिसऱ्याचं दोन्हीकडे. मी तिन्ही लिहिली. तिसऱ्यापुढे काय लिहायचं ते विचारलं, तर म्हणाले, "आक्का लिहा."

चौथं खणायच्या आत त्यांची बदली झाली, कोपरगावकडे. जाताना मला एवढंच सांगितलं, "उरलेली पंधरा तुम्ही खणा. घाई नको. मूळ तुटलं की साक्षीदार गेला." आक्कांना सांगितलं, खोडं उपटू देऊ नका. तिकडून एक कार्ड आलं. तिथे कालव्याचं पाणी इतकं, की उसाला मुळं कशाला लागतात असं मुलं विचारतात, असं त्यात होतं. खाली बारीक अक्षरात: खणलं का?

मी खणलेलं नाही. दोन वर्षं झाली. शाळा, परीक्षा, मतदारांच्या याद्या, कारणं मी कितीही देऊ शकते आणि सगळी खरी आहेत. पण खरं असं आहे, की त्या पंधरांतली बहुतेक बुडाशी पाणी घातलेली निघाली, तर सरांचं बरोबर होतं आणि ती झाडं माझ्या चिठ्ठ्यांनी मारली. कडेची निघाली, तर मी आक्कांचं घर वाचवलं आणि सर आयुष्यभर चुकीचं शिकवत आले. दोन्हींतलं कुठलं निघावं असं मला वाटतं, तेच मला ठरवता येत नाही. शिवाय एवढ्या दिवसांत बारीक मुळं मातीत मिसळूनही गेली असतील, आणि मग काहीच निघणार नाही.

आक्कांनी खोडांना कुणाला हात लावू दिलेला नाही. दीर नांगर घेऊन आले की त्या मध्ये उभ्या राहतात, "सरांचा सांगावा हाय." अठरा नवी रोपं त्यांनी गेल्या पावसाळ्यातच आणली. खणलेल्या तीन खड्ड्यांत तीन लावली. पंधरा अजून भिंतीशी पिशव्यांत उभी आहेत, आणि पिशव्यांच्या बुडातून त्यांची मुळं बाहेर येऊन भिंतीच्या ओलीकडे वळली आहेत.

परवा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "बाई, मिरगाच्या आधी खड्डं घ्याया पायजेत. न्हाईतर ही रोपं बी जात्याल. कवा खनताय?"

रविवारी, मी म्हटलं. यादी केली: कुदळ, दोन खुरपी, चार घागरी पाणी, मोजपट्टी, वही. वाडीचा नकाशा काढून ठेवला आहे, मेलेल्या खोडांच्या जागी फुल्या आहेत. रविवार उजाडला आहे. आक्का वाडीत जाऊन बसल्या आहेत, आणि मी इथे बसून हे लिहिते आहे.

पंधरा खोडं खणणे: बाकी.